रंगीत पारदर्शिका घरच्या घरीं



नागपुराहून वर्ध्याकडे जाणाऱ्या आगगाडींतून आपण कधीं प्रवास केला असेल, तर बुटीबोरी मागें पडल्यावर थोड्या वेळानें सिंदी हें स्टेशन आपल्या दृष्टीस पडलें असेल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें १८६७ सालीं आपला लोहमार्ग नागपुरास नेऊन भिडविला, त्या मार्गावरचें हें गांव. वर्धा शहराला लागूनच सिंदी (मेघे) म्हणून दुसरी एक सिंदी आहे. त्या दोघींत घोटाळा होऊं नये म्हणून आमच्या सिंदीपुढें 'रेल्वे' हा शब्द कंसांत घालण्याची सोय फार उपयोगी पडते. मुलूख कापसाचा. गाडी थांबते न थांबते तोंच सुटते, आणि ध्यानांत राहण्यासारखें येथें कांहीं नाहीं असा उतारूचा समज होतो.

हा समज तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं टिकत नाहीं. श्रावणी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशीं मुलांचा. सिंदीचा तान्हा पोळा साऱ्या जिल्ह्यांत नांवाजलेला आहे. लांकडाचे बैल असतात. कांहीं मुठीएवढे, तर कांहीं चाकांवर ओढून न्यावे लागतील इतके थोर. कोणाच्या अंगावर तांबडी झूल, कोणाच्या शिंगांना बेगड, कोणाच्या गळ्यांत घुंगुरमाळ. त्यांना ओढणारीं मुलेंही तितकींच सजलेलीं. आभाळ भरलेलें असतें, जमीन ओली काळी असते, आणि त्या काळ्या ओल्या पार्श्वभूमीवर हे रंग असे कांहीं उठून दिसतात कीं त्यांचें चित्र घेण्याचा मोह कोणालाही व्हावा.

हल्लीं तो मोह आवरण्याचें कारण उरलेलें नाहीं. खिशांतल्या टेलिफोननें घटकेंत शंभर चित्रें निघतात, आणि तीं चांगलीं निघतात हेंही कबूल केलें पाहिजे. मी आज बोलणार आहे तें अगदीं उलट्या प्रकारच्या चित्राविषयीं. तिपाईवर उभा केलेला, भात्याचा मोठा कॅमेरा. डोक्यावर काळें फडकें. घांसलेल्या कांचेवर खालीं डोकें वर पाय झालेला पोळा. आणि होल्डरमध्यें चार इंच रुंद, पांच इंच लांब असें फिल्मचें एकच पान. तें पानही साध्या निगेटिव्हचें नव्हे. धुऊन वाळल्यावर तेंच पान खिडकीशीं धरलें कीं झूल तांबडी, बेगड पिवळी, आभाळ करडें, सर्व जेथल्या तेथें दिसतें. अशा चित्राला पारदर्शिका म्हणतात. कागदावर उतरविण्याचा दुसरा संस्कार तिला लागत नाहीं. जें पान त्या दिवशीं त्या चौकांत कॅमेऱ्याच्या पोटांत होतें, तेंच आपल्या हातांत असतें. ती घरीं कशी धुवावी, आणि मुळांत घरीं कां धुवावी, हा आजचा विषय.

'कां' याचें उत्तर आधीं देतों. जिल्ह्याच्या गांवीं असली फिल्म धुऊन देणारें दुकान मिळत नाहीं. मोठ्या शहरांतही अशीं दुकानें आतां बोटांवर मोजण्याइतकींच उरलीं आहेत. पान टपालानें पाठवावें, तर पावसाळ्याची दमट हवा किंवा उन्हाळ्यांत तापलेली टपालाची पिशवी यांतून त्याला जावें लागतें. तें पोंचल्यावर पुरेशीं पानें जमेपर्यंत थांबावें लागतें. आणि शेवटीं जें परत येतें तें शेवटचें. निगेटिव्ह कमीअधिक झाली तर कागदावर छापतांना सांवरून घेतां येते. पारदर्शिकेंत तशी दुसरी पायरीच नाहीं. अर्धा स्टॉप प्रकाश जास्त झाला तर पांढरें धोतर कोरें पडतें, तेवढाच कमी झाला तर काळ्या बैलाचा डोळा दिसेनासा होतो. एका पानाला जी किंमत पडते तींत घरीं चांगला पाहुणचार होतो. मग त्या पानाचें भवितव्य ठरविणारीं सहा मिनिटें परक्याच्या हातीं कां सोंपवावीं?

आपल्या महाराष्ट्रानें हा अनुभव एकदां मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनें 'सैरंध्री' हा बोलपट रंगीत करण्याचें योजिलें. शांतारामबापूंनीं चित्रण इकडे केलें, परंतु तें धुऊन त्याच्या रंगीत प्रती काढण्याचें काम जर्मनींत करून घ्यावें लागलें. १९३३ मध्यें चित्र पडद्यावर आलें. रंग मनासारखे उतरले नाहींत. ते भडक आणि अनैसर्गिक वाटले, आणि प्रभातनें पुढें बरींच वर्षें त्या वाटेस जाण्याचें टाळलें. चार वर्षांनीं, १९३७ सालीं, मुंबईच्या अर्देशिर इराणींच्या 'किसान कन्या'चे रंग याच देशांत धुतले गेले, म्हणून संपूर्णपणें येथेंच तयार झालेला पहिला रंगीत बोलपट हा मान त्या चित्राकडे गेला. चित्र कोठें घेतलें यापेक्षां तें कोठें धुतलें यावर मान ठरला, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

आणि घरांत फिल्म धुण्याचा प्रकार आपल्याकडे नवा थोडाच आहे! १९१२ सालीं दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा, फिल्मला छिद्रें पाडण्याचें यंत्र आणि कच्ची फिल्म घेऊन आले, आणि त्यांच्या दादरच्या बिऱ्हाडींच कारखाना सुरू झाला. फिल्मला कडेचीं छिद्रें अंधारांत पाडावयाचीं, रसायनें मिसळावयाचीं, दिवसभर घेतलेलें चित्रण रात्रीं धुवावयाचें, हीं कामें सरस्वतीबाई फाळक्यांनीं शिकून घेतलीं व केलीं. शिवाय कंपनीच्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक होताच. ३ मे १९१३ रोजीं कॉरोनेशन नाट्यगृहांत लोकांनीं जो 'राजा हरिश्चंद्र' पाहिला, तो एका गृहस्थाच्या घरीं धुतलेला होता. दादासाहेबांचें नांव रस्त्यांना व पारितोषिकांना मिळालें. त्या अंधाऱ्या खोलींत मनगटापर्यंत रसायनांत हात बुडवून उभ्या राहिलेल्या बाईंचें नांव मात्र फार उशिरां लोकांच्या तोंडीं आलें.

आतां रंगाकडे वळूं. घरीं धुण्याजोगें पहिलें रंगीत पारदर्शक चित्र कांचेवरचें होतें. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनीं १९०७ सालीं 'ऑटोक्रोम' नांवाच्या पाट्या विक्रीस आणल्या. बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत रंगवून ते कांचेवर पसरलेले असत. एका चौरस इंचांत सुमारें चाळीस लाख कण बसत. हौशी लोक या पाट्या घरीं धूत. त्यानंतर १९३५ सालीं मॅन्स व गोडोव्स्की या दोन जोडीदारांचा शोध कोडाक कंपनीनें 'कोडाक्रोम' या नांवानें बाजारांत आणला. हे दोघेही व्यवसायानें संगीतज्ञ होते. अंधाऱ्या खोलींत मिनिटें मोजावयाचीं तर तोंडानें सूर गुणगुणून तीं मोजीत असत, असें सांगतात. परंतु त्या फिल्मला रंग देणारीं द्रव्यें फिल्ममध्यें नसत, धुण्याच्या पाण्यांतून द्यावीं लागत, आणि तो खटाटोप घरच्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. १९३६ सालीं जर्मनीच्या आग्फा कंपनीनें रंगाचें बीज फिल्मच्या थरांतच घालून ठेवण्याची युक्ति साधली. १९४६ मध्यें कोडाकची 'एक्टाक्रोम' निघाली. ती प्रथम आली ती अशाच मोठ्या पानांच्या रूपांत, आणि छायाचित्रकाराला ती स्वतः धुतां येई. आपण ज्या परंपरेंत हात घालणार आहोंत तिचा आरंभ येथें आहे.

हें रंगाचें बीज काम कसें करतें तें समजून घेतलें म्हणजे पुढच्या एकाही पायरीचा कंटाळा येणार नाहीं. फिल्मवर मुख्यतः तीन थर असतात. एक निळ्या प्रकाशानें जागा होतो, दुसरा हिरव्यानें, तिसरा तांबड्यानें. पहिल्यांत पिवळा रंग निर्माण होण्याची सोय असते, दुसऱ्यांत किरमिजी, तिसऱ्यांत निळसर हिरवा. आतां आपल्या बैलाची तांबडी झूल घ्या. तिच्यापासून निघालेला तांबडा प्रकाश फक्त तिसऱ्या थराला जागा करतो. पहिल्या डेव्हलपरमध्यें त्या जागीं तिसऱ्या थरांत काळी चांदी तयार होते. वरचे दोन थर तेथें झोंपलेलेच राहतात. मग उलटापालट करणारें एक पाणी येतें. तें त्या झोंपलेल्या भागांना प्रकाश न दाखवितांच जागें करतें. त्यानंतर रंगाचा डेव्हलपर या नव्यानें जागलेल्या भागांवर काम करतो, आणि तेथें चांदीबरोबर रंगही उमटतो: पहिल्या थरांत पिवळा, दुसऱ्यांत किरमिजी. शेवटीं सगळी चांदी, पहिली आणि दुसरी, विरघळवून काढून टाकली कीं उरतो तो पिवळा आणि किरमिजी, आणि प्रकाशाला धरतां दोन्ही मिळून तांबडा. म्हणजे तांबडा रंग चित्रांत कोणी घातला नाहीं; जें तांबडें नव्हतें तेवढ्याची जागा सोडून तो आला. चित्रांत आपणांस शेवटीं जें दिसतें, तें पहिल्या डेव्हलपरनें मागें काय ठेवलें त्यावर अवलंबून असतें, हें मात्र पक्कें ध्यानांत ठेवावें.

जुन्या एक्टाक्रोममध्यें उलटापालटीसाठीं फिल्म अर्ध्यावर बाहेर काढून प्रखर दिव्यापुढें धरावी लागे. पुढें तें काम रसायनाकडे गेलें. त्याबरोबर आणखी एक बदल होत गेला, आणि आम्हां वैदर्भीयांना त्याचें विशेष अगत्य आहे. आरंभीच्या पद्धती २४ अंश सेंटिग्रेडवर चालत. ई-४ नांवाची पद्धत २९॥ अंशांवर आली. १९७० नंतरच्या दशकांत आलेली आणि आजही चालू असलेली ई-६ ही पद्धत ३८ अंशांवर चालते. युरोपांतला हौशी गृहस्थ पाणी ३८ अंशांपर्यंत तापवावें कसें आणि तें निवूं न द्यावें कसें या विवंचनेंत असतो. त्याचीं पुस्तकें त्याच विवंचनेनें भरलेलीं आहेत. आमच्याकडे चैत्र-वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, गच्चीवरच्या टांकींतलें पाणी दुपारीं हाताला चटका देतें, आणि आमची विवंचना तें निवावें कसें ही असते!

एके काळीं हीच उष्णता छायाचित्रकाराची वैरीण होती. काळ्यापांढऱ्या फिल्मवरचा सरसाचा थर ऊन पाण्यांत फुगे, मऊ पडे, क्वचित् कांचेवरून सुटूनही येई. म्हणून आपले जुने छायाचित्रकार बर्फ आणवीत, तुरटीच्या जातीचीं द्रव्यें वापरून थर घट्ट करीत, आणि धुण्याचें काम रात्रीं उशिरां करीत. ई-६ ची फिल्म मुळांतच ऊन पाण्यासाठीं घडविलेली असल्यामुळें ती भीति आतां नाहीं. माझें तर स्पष्ट मत असें आहे कीं आमच्याकडे या कामाला उत्तम वेळ म्हणजे उन्हाळ्याची रात्र. रात्रीं दहाच्या सुमारास घरांतल्या बंद खोलीची हवा ३५-३६ अंशांच्या आसपास रेंगाळत असते. ३८ अंशांचें पाणी तींत सहा मिनिटें ठेवलें तर फारसें हलत नाहीं. पौषांत मात्र तेंच पाणी पाहतां पाहतां उतरतें. पोळ्याचीं पानें भाद्रपदांतच धुवावयाचीं असलीं तरी अडचण नाहीं. मोठ्या घमेल्यांत ऊन पाणी घेऊन त्यांत बाटल्या उभ्या केल्या कीं भागतें.

उष्णतेचा हिशोब सोपा आहे. समजा, टांकीचें पाणी ४२ अंश आहे आणि माठांतलें २६. तीन तांबे टांकीचें आणि एक तांब्या माठाचें असें मिसळलें कीं बरोबर ३८ येतें. हें पाणी घमेल्यांतलें. रसायनांच्या बाटल्या त्यांत अर्धा तास उभ्या ठेवाव्या, म्हणजे त्याही त्या मापावर येतात. पहिल्या डेव्हलपरला पाव अंशाच्या वर फरक सोसत नाहीं. रंगाच्या डेव्हलपरला अर्धा अंश चालतो. बाकीच्यांना चार-पांच अंश इकडेतिकडे झाले तरी त्यांची तक्रार नसते. आतां पाव अंश मोजणारा थर्मामीटर कोठून आणावा? तो आपल्या घरीं आहे. ताप पाहण्याचा थर्मामीटर नेमका याच टापूंत सर्वांत विश्वासू असतो. ३८ अंश म्हणजे फॅरनहाइटचे १००.४, डॉक्टर ज्या आंकड्यापासून ताप आला असें म्हणतात तोच. मोठा थर्मामीटर त्याच्याशीं एकदां ताडून पाहावा आणि फरक किती तो त्याच्या पेटीवर लिहून ठेवावा. तापाचा थर्मामीटर रसायनांत मात्र बुडवूं नये, साध्या पाण्यांतच ताडावा. तो पुन्हां कोणाच्या तरी तोंडांत जाणार आहे.

फिल्म शीतकपाटांत ठेवावी हें सांगणें नकोच. मात्र पेटी उघडण्यापूर्वीं दोन-तीन तास बाहेर ठेवावी, नाहीं तर गार पानावर दंव धरतें. पूर्ण अंधारांत, तांबडा दिवासुद्धां नसतांना, पानाची उजू बाजू ओळखावयाची ती कडेच्या खांचांवरून. पान उभें धरलें आणि खांचा वरच्या कडेला उजव्या हाताशीं आल्या, म्हणजे रसायनाचा थर आपल्याकडे आहे असें समजावें. हा सराव उजेडांत, वाया गेलेल्या पानावर, डोळे मिटून करावा.

पान धुण्याला थाळ्या वापराव्या असें कोणी सुचवितात. रंगीत कामांत मला तें पसंत नाहीं. अंधारांत एकावर एक पानें सरकवितांना ओल्या थरावर नख लागतें, आणि उघड्या थाळींतलें पाणी लवकर निवतें वा तापतें. बाजारांत पानांसाठीं बंद टाक्या मिळतात, लोळविण्याचे डबे मिळतात; पण नळकाम करणाऱ्याच्या दुकानांतली पी.व्ही.सी. ची रुंद नळी आणि तिचीं घट्ट बसणारीं दोन टोपणें एवढ्यावरही काम होतें. थर आंतल्या बाजूस ठेवून पान वांकवून नळींत सरकवावें, टोपण लावावें, आणि घमेल्यांतल्या पाण्यावर नळी आडवी लोळवीत राहावें. द्रव थोडा लागतो आणि उष्णता आपोआप सांभाळली जाते. मात्र नळींतून प्रकाश शिरत नाहीं ना, याची खात्री आधीं करून घ्यावी. पांढऱ्या नळीला बाहेरून काळा रंग द्यावाच. टोपणें बदलतांना खोलींत अंधार हवा हें ओघानेंच आलें.

आतां प्रत्यक्ष क्रम. प्रथम पहिला डेव्हलपर, सहा मिनिटें. मग ३८ अंशांच्याच आसपासच्या पाण्यानें दोन मिनिटें धुणें. मग उलटापालटीचें पाणी, दोन मिनिटें. येथपर्यंत सर्व अंधारांत. यानंतर दिवा लावला तरी चालतो. आणि येथेंच आपल्यासारख्या स्वच्छतेच्या भोक्त्यांनीं हात आवरावयाचा असतो: उलटापालटीनंतर पान पाण्यानें धुवावयाचें नाहीं. फिल्मनें शोषून घेतलेलें तें द्रव्य तसेंच घेऊन तिनें रंगाच्या डेव्हलपरमध्यें शिरावें अशीच योजना आहे. तेथें सहा मिनिटें. मग ब्लीचपूर्वींचें पाणी दोन मिनिटें, त्यानंतरही धुणें नाहीं. ब्लीच सहा मिनिटें. फिक्सर चार मिनिटें. मग वाहत्या पाण्यांत चार मिनिटें धुणें, आणि शेवटचें साबणासारखें निसटतें पाणी एक मिनिट. घरगुती संचांत हींच सहा रसायनें बहुधा तीनांत गोळा केलेलीं असतात. त्यांचीं मिनिटें वेगळीं पडतात, आणि तेथें संचाबरोबर आलेल्या कागदाचेंच ऐकावें.

प्रत्येक रसायनाचें भांडें, नरसाळें, ढवळणी वेगळी हवी. फिक्सरचा एक थेंब पहिल्या डेव्हलपरमध्यें पडला तर सारा तोल बिघडतो. भांड्यांवर रंगानें आंकडे घालावे. हीं भांडीं स्वयंपाकघरांतून आणलेलीं नसावींत, आणि स्वयंपाकघरांत परत तर कदापि जाऊं नयेत. रंगाच्या डेव्हलपरमधील द्रव्य कांहीं जणांच्या त्वचेस सोसत नाहीं, एकदां खाज सुटली कीं पुढें थेंबानेंही सुटते. तेव्हां रबरी हातमोजे घालावेच. ब्लीचपूर्वींच्या पाण्याला जो उग्र वास येतो तो फॉर्माल्डिहाइडच्या जातीचा आहे. दिवा लागल्यावर खिडकी उघडावी आणि लहान मुलांना त्या खोलींत येऊं देऊं नये. पहिला डेव्हलपर हवेनें लवकर नासतो. बाटली अर्धी झाली कीं तींत कांचेच्या गोट्या टाकून पातळी गळ्यापर्यंत आणावी. मुलांच्या खेळाचा इतका शास्त्रीय उपयोग दुसरा नसेल.

एकाच दृश्याचीं नेहमीं दोन पानें घ्यावींत. पोळ्याच्या ढगाळ दिवशीं १०० वेगाच्या फिल्मवर, भिंग बावीसपर्यंत मिटलेलें असतांना, सेकंदाचा सुमारें दहावा भाग लागतो. एवढ्या वेळांत लांकडी बैल हलत नाहींत; त्यांचे मालक हलतात. तेवढ्यासाठींही दुसरें पान असावें, पण त्याचा खरा उपयोग पुढें आहे. पहिलें पान नेहमीच्या सहा मिनिटांनीं धुऊन, वाळवून, प्रकाशाला धरून पाहावें. तें सर्वत्र काळसर आलें असेल, तर दुसऱ्याला पहिल्या डेव्हलपरमध्यें जास्त वेळ द्यावा; आठ मिनिटें दिलीं कीं जवळजवळ एक स्टॉप उजेड वाढतो. फिकें आलें असेल तर वेळ कमी करावा. निगेटिव्ह धुणाऱ्यांस हें उलटें वाटतें, परंतु पहिल्या डेव्हलपरनें जितकें अधिक खाल्लें तितकें रंगाला कमी उरतें, हा मघांचाच हिशोब आहे. गुंडाळीच्या फिल्ममध्यें छत्तीस चित्रांना एकच न्याय मिळतो. पानाला स्वतंत्र न्याय मिळतो, आणि तो देणारा माणूस तोच असतो जो त्या दिवशीं चौकांत उभा होता, ज्याला झूल किती तांबडी होती हें आठवतें. घरीं धुण्याच्या बाजूनें याहून मोठें कारण मला तरी ठाऊक नाहीं.

ओल्या पानावरून मात्र निकाल देऊं नये. फिल्म ओली असतांना दुधाळ व निळसर दिसते. पुष्कळांचा धीर तेथेंच सुटतो. ती पूर्ण वाळूं द्यावी. शेवटच्या पाण्यासाठीं विहिरीचें वा बोअरचें पाणी घेऊं नये. आमच्याकडचें पाणी जड असतें, त्याचे पांढरे डाग आभाळाच्या ठिकाणीं नेमके पडतात. मोटारीच्या बॅटरींत घालण्याचें ऊर्ध्वपातित पाणी उत्तम. कापसाच्या मुलखांत हवेंत तंतू फार. वाळत घालण्यापूर्वीं खोलींत सडा घालून धूळ बसवावी, कूलर व पंखा दोन्ही बंद करावे, आणि पान एका कोपऱ्यानें चिमट्यास टांगावें.

उरलेल्या पाण्याचें काय करावें, हा प्रश्न सभ्य गृहस्थ बहुधा विचारीतच नाहींत. मोरींत ओतून मोकळे होतात. ज्या घराच्या परसांत विहीर आहे तेथें असें करणें म्हणजे पिण्याच्या पाण्याशीं खेळ आहे. वापरलेल्या फिक्सरमध्यें चांदी असते, आणि चांदीचे क्षार पाण्यांतल्या जीवांना फार बाधक असतात. वापरलेला फिक्सर एका प्लास्टिकच्या डब्यांत सांठवावा व त्यांत भांडीं घांसण्याची लोखंडी तारेची चोथी टाकून ठेवावी. काथ्याची नव्हे, लोखंडाचीच. लोखंड विरघळत जातें आणि त्याच्या जागीं चांदी काळ्या गाळाच्या रूपानें खालीं बसते. असा गाळ पुष्कळ सांठला तर सोनारही त्याकडे पाहील. उरलेलें द्रव व इतर रसायनें बाटल्यांतून जपून ठेवून शहरांत घातक कचरा घेणाऱ्यांकडे पोंचवावीं. तें जमणार नसेल, तर दर खेपेस चार पानांपुरतेंच द्रव करावें आणि खेपा कमी कराव्या. विहिरीच्या, तुळशीच्या किंवा गुरांच्या हौदाच्या बाजूस त्यांतलें कांहींही ओतूं नये.

ही फिल्म मिळत राहील काय, असें मला नेहमीं विचारतात. कोडाक्रोम धुण्याचें जगांतलें शेवटचें दुकान, अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांतलें, २०१० च्या अखेरीस तें काम बंद करून बसलें, आणि ज्यांच्याजवळ न धुतलेले कोडाक्रोम उरले त्यांच्यापुढें रंगांत ते धुण्याचा मार्ग राहिला नाहीं. एक्टाक्रोमही २०१२ सालीं बंद झाली होती. २०१८ मध्यें ती पुन्हां निघूं लागली, आणि २०१९ च्या अखेरीस तिचीं चार-पांच इंची पानें, दहा-दहांच्या पेटींत, परत आलीं. फुजी या जपानी कंपनीचीही अशी फिल्म आहे. एक्टाक्रोमची गोष्ट कोडाक्रोमहून वेगळी झाली याचें एक कारण असें कीं तिचें धुणें एका कारखान्याच्या स्वाधीन नव्हतें. मधल्या सहा वर्षांत ज्यांच्या शीतकपाटांत जुनीं पानें होतीं ते तीं आपल्या न्हाणीघरांत धूत राहिले.

आमच्याच जिल्ह्यांत, सेवाग्रामला, कनु गांधींनीं महात्माजींचीं जीं छायाचित्रें घेतलीं त्यांना तीन अटी होत्या: झगझगाटाचा दिवा वापरावयाचा नाहीं, गांधीजींना बैठक घेऊन बसावयास सांगावयाचें नाहीं, आणि आश्रमानें पैसे द्यावयाचे नाहींत. तीं चित्रें काळींपांढरीं आहेत. त्या मातीच्या भिंतींचा रंग तींत नाहीं, याची चुटपुट तेथें गेलों म्हणजे मला दर वेळीं लागते. पोळ्यांतल्या झुलींचा रंगही दरसाल बदलत चालला आहे. कापडी झुली जाऊन चमकणाऱ्या कागदाच्या आल्या, हातानें रंगविलेल्या बैलांच्या शेजारीं यंत्राच्या फवाऱ्यानें रंगविलेले बैल उभे राहूं लागले. बरें कीं वाईट, तें मी ठरवीत नाहीं. पण कोणत्या सालीं काय होतें हें पुढें कोणाला पाहावेंसें वाटलें, तर पाहण्याजोगें कांहीं असावें.

म्हणून वाळलेलें पान जपून ठेवण्याविषयीं एवढेंच सांगतों. या रंगांचा शत्रु उजेड, उष्णता आणि ओल. पान भिंतीवर टांगूं नये. प्रकाशपेटीवर पाहून झालें कीं बंद करावें. आमच्याकडच्या पावसाळ्यांत सरसाच्या थरावर बुरशी धरते, तेव्हां तीं पानें घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावींत आणि पुडी रंग बदलली कीं तव्यावर मंद भाजून घ्यावी. प्रत्येक पान स्वतंत्र पाकिटांत घालावें. पाकिटावर आधीं, म्हणजे तें रिकामें असतांनाच, पेन्सिलीनें लिहावें: गांव, तिथि व तारीख, बैल कोणत्या आळींतला, भिंग किती मिटलें होतें, पहिल्या डेव्हलपरला किती मिनिटें दिलीं, आणि त्या रात्रीं पाणी किती अंश होतें.